डॅरेनने न सांगितलेल्या मुंग्या

"आता टाचांवर चालून दाखव," मी म्हटलं.

डॅरेनने दोन्ही चवडे उचलायचा प्रयत्न केला. डावा उचलला गेला, उजवा फरशीला चिकटून राहिला. तो तसाच कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. प्रत्येक पावलाला उजवा तळवा फरशीवर थप्पकन वाजत होता.

"हे कधीपासून?"

"वीकेंडपासून असेल. जरा टाइट आहे, बस."

"तीन आठवडे झाले," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्याची बायको मिशेल म्हणाली. "जिन्यावर अडखळतो. आधी मला वाटलं, बिअर."

या प्रकाराला आम्ही फूट ड्रॉप म्हणतो. पाऊल वर उचलणारे स्नायू काम करेनासे होतात आणि पाऊल लोंबकळतं. बोटं जमिनीला अडकू नयेत म्हणून माणूस नकळत गुडघा जास्त उचलून चालायला लागतो. हा स्वतः आजार नाही, कुठल्यातरी आजाराची खूण आहे. कारण कंबरेच्या मणक्यात असू शकतं, गुडघ्यापाशी असू शकतं, त्याहून वरही असू शकतं. काही कारणं काही महिन्यांत बरी होतात. काही होतच नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट. नागपूरला शिकले, इथे कॅनडात येऊन पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या, आणि आता बरीच वर्षं एटोबिको नावाच्या उपनगरातल्या एका प्लाझामध्ये डेंटिस्ट आणि ग्रोसरीच्या मधोमध माझं क्लिनिक आहे. शिवाय जवळच्याच वॉनमधल्या एका सेमी-प्रो फुटबॉल क्लबचं काम बघते. सेमी-प्रो म्हणजे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी फुटबॉल. इथले लोक त्याला सॉकर म्हणतात, पण डॅरेनसमोर म्हणत नाहीत. खेळाडू मला डॉक म्हणतात. मी डॉक्टर नाही असं सुरुवातीला सांगत असे. मग कंटाळून सोडून दिलं.

डॅरेन या क्लबातला सगळ्यात वयस्कर खेळाडू. चाळिशीला टेकलेला, मूळचा इंग्लंडचा. टीव्हीवर जे इंग्लिश फुटबॉल दिसतं तो इमारतीचा सगळ्यात वरचा मजला समजा. त्याच्याखाली आणखी बरेच मजले आहेत आणि तिथेही लोक राहतात. डॅरेनचं अख्खं करिअर त्या खालच्या मजल्यांवर गेलं. तो मिडफिल्डर. म्हणजे गोल करणारे पुढे, गोल वाचवणारे मागे, आणि मधल्या मैदानात धावून धावून दोघांच्याही शिव्या खाणारा तो हा. सोळाव्या वर्षी एका मोठ्या क्लबने त्याला घेतलं आणि विशीच्या आत सोडून दिलं. पुढे या गावातून त्या गावात, एकेका वर्षाच्या करारावर. दर मे महिन्यात मॅनेजर एकेकाला ऑफिसात बोलावणार आणि सांगणार, राहिलास किंवा सुटलास. मिशेल एटोबिकोची. तिकडे शिकायला गेली होती, तिथे भेट झाली. मुली झाल्यावर दोघं इकडे आले.

अशा जगात दुखणं सांगणं परवडत नाही. फिजिओला सांगितलं की संध्याकाळपर्यंत मॅनेजरला कळतं. शनिवारी तुमच्या जागी दुसरा खेळतो, तो बरा खेळला की जागा त्याची. एका क्लबात तर फिजिओच टीमची मिनीबस चालवायचा आणि मॅनेजर त्याच्या शेजारी बसायचा, असं डॅरेननेच मला सांगितलं होतं. त्यामुळे काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं. "फाइन, लव्ह." या लव्हचा मला आधी राग यायचा. मग कळलं की त्याच्या गावाकडे बस ड्रायव्हरलासुद्धा लव्हच म्हणतात.

त्या दिवशीही तेच. कंबर दुखते? फाइन. पायात मुंग्या येतात? नाही. बधिरपणा? नाही. मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि पायावर ठिकठिकाणी कापूस टेकवला. स्पर्श कळला की येस म्हणायचं. तो दर वेळी येस म्हणाला. म्हणजे स्पर्श शाबूत, दुखणं नाही, फक्त ताकद गेलेली. हे चित्र मला आवडलं नाही. माझा चेहरा त्याला वाचता आला असावा, कारण त्याने मिशेलला गाडी नीट पार्क केली आहे का ते बघून यायला पाठवलं.

ती गेल्यावर तो म्हणाला, "मोटर न्यूरॉन आहे का?"

हे नाव मी घेतलं नव्हतं. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसपेशी हळूहळू मरत जातात. आधी एक पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास.

"माझ्यासोबत मागे बचावात एक सेंटर-हाफ खेळायचा," डॅरेन म्हणाला. "भिंतीसारखा माणूस. त्याचा बूट जिन्यावर अडकायला लागला. तिथून सुरू झालं. शेवटी तो डोळ्यांनी बोलायचा."

त्या आजारात ताकद जाते, पण स्पर्श जात नाही. म्हणून मी मुंग्यांचं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, नो, फाइन. मला खोटा धीर देता येत नाही आणि देऊही नये. मी म्हटलं, "मला माहीत नाही. तपासण्या होऊ देत. तोवर खेळायचं नाही."

त्याच्या फॅमिली डॉक्टरने कंबरेच्या एमआरआयसाठी आणि न्यूरॉलॉजिस्टसाठी रेफरल पाठवलं. इथे डॉक्टरकडे पैसे भरावे लागत नाहीत, थांबावं लागतं. न्यूरॉलॉजिस्टची तारीख थेट फॉलमधली, म्हणजे चार-पाच महिन्यांनंतरची मिळाली. मी त्याला बुटात बसणारा प्लास्टिकचा आधार दिला, म्हणजे पाऊल लोंबणार नाही. त्याने थँक्यू म्हटलं. मुलींच्या शाळेची गोष्ट काढली आणि गेला.

थोड्या दिवसांनी मिशेलचा क्लिनिकमध्ये फोन आला.

"मेधा, तो मला स्नो ब्लोअर चालवायला शिकवतोय."

"बरं मग?"

"मे महिना आहे, मेधा. बर्फ कुठेय? काल बेसमेंटमधला पाण्याचा व्हॉल्व्ह दाखवला. आज फर्नेसचा फिल्टर कसा बदलायचा ते. मी विचारलं, तू कुठे चाललायस का? तर म्हणे, फाइन. मला कळत नाही असं त्याला वाटतंय."

मी एवढंच म्हटलं की शिकून घे, विंटरमध्ये उपयोगी पडेल. फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला. वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि पुढचा पेशंट घेतला.

दुसरीकडे व्हिन्स होता. व्हिन्स आमचा कोच, मॅनेजर आणि क्लबचा निम्मा मालक. त्याचा ड्राइव्हवे बांधायचा बिझनेस आहे. तो माणसांबद्दलही सिमेंटबद्दल बोलतो तसाच बोलतो.

"मेधा, स्ट्रेट सांग. तो संपलाय का?"

"माहीत नाही."

"मला मिडफिल्डसाठी कुणीतरी बघावं लागेल."

"बघ की मग. आणि माहीत असतं तरी मी तुला सांगितलं नसतं."

तो गम चघळत उभा राहिला. मग म्हणाला, "मला त्याला असिस्टंट कोच करायचंय. लास्ट इयरपासून डोक्यात आहे. पण मी कसं बोलू? मी बोललो की त्याला वाटणार, मी त्याला काढतोय."

व्हिन्सबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं सुधारलं.

आमची प्रॅक्टिस मंगळवारी आणि गुरुवारी असते. मैदान वेअरहाउसेसच्या मागे आहे. एका बाजूला ट्रेलर लागलेले असतात आणि बॉल कुंपणाबाहेर गेला की सिक्युरिटी गार्डच तो परत टाकतो. त्या मंगळवारी मी पोचले तेव्हा डॅरेन मैदानाच्या कडेला, टचलाइनवर उभा राहून तरुण पोरांवर ओरडत होता. अंगात पूर्ण किट. गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे. बुटात माझा प्लास्टिकचा आधार.

"खेळायचं नाही म्हटलं होतं ना?"

"खेळत नाहीये, लव्ह. उभा आहे."

"मग किट कशाला?"

"दिसलं पाहिजे. जॅकेट घालून उभा राहिला तो गेला."

तो बूट नीट करायला बेंचवर बसला, पाय लांब केला, आणि मला मोज्याखाली, गुडघ्याच्या जरा खाली, काहीतरी फुगलेलं दिसलं.

"हे काय आहे?"

"टेप."

"खेळायचं नाही तर टेप कशाला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले होते. "आज मंगळवार आहे."

मी म्हटलं, मोजा खाली कर. त्याने व्हिन्सकडे नजर टाकली आणि नाही म्हणून मान हलवली. फिजिओसमोर मोजा खाली करायचा, तोही मॅनेजर बघत असताना, हे त्याच्या वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. शेवटी आम्ही पार्किंगमध्ये त्याच्या गाडीपाशी गेलो. तो मागच्या सीटवर पाय बाहेर टाकून बसला आणि मोजा उतरवला.

गुडघ्याखाली पांढऱ्या टेपचं कडं होतं. एकावर एक फेरे घालून जाड केलेलं आणि इतकं घट्ट, की वरखालची कातडी फुगली होती. मी कधीच पाहिलं नव्हतं, कारण क्लिनिकमध्ये तो प्रॅक्टिस नसलेल्या दिवशी, टेप न बांधता शॉर्ट्समध्ये यायचा आणि मैदानावर मोजे चढवून. मॅचच्या आधी बाकीचे खेळाडू माझ्या टेबलापाशी टेप लावून घ्यायला रांगेत उभे राहतात. डॅरेन त्या रांगेत कधीच नसे. हा सगळ्यात कमी त्रास देणारा खेळाडू आहे असं मी समजत होते.

"कधी बांधलीस?"

"सकाळी. किचनमध्ये. ब्रेकफास्टच्या आधी."

तेव्हा संध्याकाळ झाली होती. डॅरेन वॉनमध्येच एका वेअरहाउसला फोर्कलिफ्ट चालवतो. म्हणजे ही टेप पँटच्या आत दिवसभर पायावर होती, आणि प्रॅक्टिसनंतर हायवेचं ट्रॅफिक पार करून घरी पोचेपर्यंत राहणार होती.

मी विचारलं, इथे येऊन का बांधत नाहीस? तेव्हा त्याने सांगितलं. त्याच्या पहिल्या छोट्या क्लबात टेप मोजून मिळायची. ड्रेसिंग रूम इतकी गार असायची की बोटं चालत नसत. म्हणून सगळे घरूनच बांधून यायचे. दुसरं म्हणजे, फिजिओच्या टेबलापाशी उभा दिसला तो तक्रारवाला. घरून तयार होऊन आला तो फिट. गुडघ्याखाली घट्ट कडं बांधलं की पोटरीत गोळा येत नाही, हे त्याला तिथल्या कॅप्टनने शिकवलं होतं. यात काही तथ्य नाही. पण पहिल्या मॅचला गोळा आला नाही, झालं. क्लब बदलले, देश बदलला, टेप राहिली.

वीस वर्षं काही झालं नाही, मग आताच का? तेही मला तिथेच कळलं. या विंटरमध्ये त्याने वजन उतरवलं होतं. क्लबात विशीतली पोरं आली होती आणि व्हिन्सने त्याला तोंडावर जड म्हटलं होतं. डॅरेनने बटाटा सोडला, बिअर जवळजवळ सोडली, बेल्टला नवीन भोकं पाडली. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीसुद्धा केलं.

आता थोडं शरीराचं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या लगेच खाली हाडाला वळसा घालून एक नस जाते. कोपर आपटल्यावर हातात जसा करंट जातो, तशीच ही उघड्यावरची नस. वर फक्त कातडी आणि थोडी चरबी. पाऊल वर उचलायचा हुकूम ती नेते आणि पावलाच्या वरच्या भागाचा स्पर्शही तीच आणते. डॅरेनने चरबी उतरवली. टेप मात्र जुन्याच हाताने, जुन्याच जोराने बांधत राहिला.

पण मग पावलाचा वरचा भाग बधिर असायला हवा होता.

मी कात्रीने टेप कापली. खाली कातडीत खोल वळ उठला होता आणि तेवढ्या पट्ट्यात पायावर एक केस नव्हता. क्लिनिकमध्ये तो पट्टा माझ्या नजरेतून सुटला होता. उंचवट्याखाली मी बोटाने टकटक केलं. डॅरेन सीटवर उडाला आणि त्याने एक शब्द वापरला. तो इथे लिहीत नाही.

"कुठे गेला करंट?"

"अंगठ्यापर्यंत."

"डॅरेन, पावलाच्या वरच्या बाजूला स्पर्श कळतो का? खरं सांग."

तो कुंपणापलीकडच्या ट्रेलरांकडे बघत राहिला.

"नाही."

"कधीपासून?"

"स्नो वितळला तेव्हापासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही बंद झाल्या."

"मी कापूस लावला तेव्हा येस म्हणालास."

"तू एका तालात लावत होतीस, लव्ह. एक, दोन, येस. एक, दोन, येस."

मला इतका राग आला की हातातली कात्री मी आधी बॅगेत ठेवली. आणि आनंदही तितकाच झाला. दोन्ही एकदम झाल्यामुळे मी हसायला लागले. तो चमकून बघायला लागला.

मी म्हटलं, "मूर्ख माणसा, मुंग्या येणं ही चांगली बातमी होती. तू ज्याला घाबरतोयस त्या आजारात बधिरपणा येत नाही. तुझी नस इथे, या टेपखाली, चेपली गेली आहे."

"परत सांग."

मी परत सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य. हेही सांगितलं की माझा शब्द शेवटचा नाही, नसेची तपासणी करावीच लागेल. पण माझं मत विचारशील तर हे आहे. त्याने पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि रडला. मी गाडीच्या दारात उभी राहिले, म्हणजे मैदानावरून काही दिसू नये.

जरा वेळाने सीटमध्ये तोंड तसंच ठेवून त्याने विचारलं, "व्हिन्स बघतोय का?"

"नाही. तो गोलकीपरवर ओरडतोय."

"गुड."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्या फॅमिली डॉक्टरला सगळं कळवलं. त्यांनी नसेची तपासणी लवकर लावून दिली. ही तपासणी साधी असते. नसेत बारीक करंट सोडतात आणि तो कुठवर पोचतो, कुठे अडतो ते बघतात. बारीक सुई टोचून स्नायूही तपासतात. ज्या दिवशी ती होती त्या दिवशी मी पेशंट बघत होते, पण कान फोनकडे. दुपारी मिशेलचा फोन आला.

"गुडघ्यापाशी अडलंय. तेवढंच. बाकी सगळं क्लीन." मी फोन तसाच धरून स्टुलावर बसले. पाठीवर हीट पॅक घेऊन झोपलेल्या पेशंटने विचारलं, एव्हरीथिंग ओके? मी म्हटलं, व्हेरी. आणि डोळे पुसले. त्या बाईंनी मला टिश्यू दिला.

चेपलेली नस सावकाश बरी होते. टेप सुटली म्हणून दुसऱ्या दिवशी पाऊल उचलत नाही. आधी अंगठा हलला, मग बाकीची बोटं, मग पाऊल. तोवर त्याचे व्यायाम, करंटचे शेक आणि त्याची कुरकुर. समरच्या शेवटी तो टाचांवर चालला. व्हिन्सने त्याला सीझनच्या शेवटच्या घरच्या मॅचमध्ये थोडा वेळ उतरवलं. डॅरेनने एक पास चुकीच्या माणसाला दिला आणि त्याबद्दल दुसऱ्यावरच ओरडला. मॅच संपल्यावर तो स्वतःच व्हिन्सकडे गेला आणि म्हणाला, आता बास, दुसरं काही काम असेल तर सांग. व्हिन्सकडे ते काम तयारच होतं.

तेव्हापासून मी नियम केलाय. नवा खेळाडू आला की एकदा त्याला घरून निघतो तशा पूर्ण तयारीत बोलवायचं आणि माझ्यासमोर एकेक वस्तू उतरवायला लावायची. आणि कापूस कधीही एका तालात लावायचा नाही.

डॅरेनची शेवटची अपॉइंटमेंट फॉलमध्ये झाली. पाय तपासला, सगळं ठीक. फाइल बंद करायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते तसं सवयीने विचारलं, "आणखी काही दुखतंय का?"

त्याने तोंड उघडलं. फाइन येणार म्हणून मी पेन खाली ठेवलं.

"वेल," तो म्हणाला, "डावा खांदा. वर जात नाही."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

मग उजवी कंबर. मग दोन बरगड्या. मग हाताचं एक बोट, जे मोडून तसंच जुळलं होतं. मग चावताना कट्ट वाजणारा जबडा. प्रत्येक दुखण्याबरोबर कुठलं गाव, कुठलं मैदान, पाऊस होता की नव्हता, आणि त्या वेळच्या मॅनेजरला काय सांगितलं होतं. सगळ्यांना एकच सांगितलं होतं. मी मध्येच, आता कॅनेडियन करिअरवर येऊया का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, थांब, अजून मी पंचविशीत आहे. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. माणूस अनेक वर्षांनी बुटातला खडा काढून बघतो तसा तो एकेक काढून दाखवत होता, आणि मला त्याला थांबवावंसं वाटलं नाही. बाहेर वेटिंग एरिया भरला. माझ्या रिसेप्शनिस्टने दोनदा दार वाजवलं.

फुटबॉलमधला कुणी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला लागला, तर ते ऐकून घ्यावं. फक्त त्या दिवशी त्याच्यानंतर कुणाला अपॉइंटमेंट देऊ नये.